बर्फातली ट्रायल

काका म्हणू नका मला. आपली ओळख इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरच्या एका मेसेजची, आणि काका म्हटलं की समोरचा म्हातारा विरघळतो, किंमत खाली आणतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. मघाशी चहा मिळाला तो माझ्या बायकोचा स्वभाव. मी दिला नसता. गाडी बघायला आलात, गाडी बघा — हं, इथून उजवीकडे घ्या, त्या बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये. इथे कोणी बर्फ काढायला प्लाऊ फिरवत नाही, म्हणून तर तुम्हाला मुद्दाम इथे आणलं. फूटभर तरी बर्फ असेल. घाला आत. — का थांबलात? ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, चारी चाकं ओढतात, चार व्हिडिओ बघून आलात ना? त्या जाहिरातींमध्ये गाडी डोंगर चढते, बर्फाचे फवारे उडवते, ड्रायव्हर हसतो. गाडी थांबताना दाखवतात कधी? आठवून बघा. कधीच नाही. कारण थांबायच्या वेळी तुमची ऑल-व्हील ड्राइव्ह आणि माझी इथल्या पहिल्या वर्षातली ती खटारा सेडान सारखीच. निघायला चार चाकं मदत करतात. थांबायला फक्त रबर आणि बर्फ, आणि त्यांचं एकमेकांशी काय जमतं ते. मी पस्तीस वर्षं घर्षण शिकवलं इथल्या विद्यापीठात, पुस्तक आहे माझं त्यावर — असो, पुस्तकाचं काय, कोण वाचतं.

हळू. हळू म्हणजे थांबू नका — थांबलात की बुडालात. एका लयीत जाऊ द्या, चाकं सरळ ठेवा. ते बटण दाबा, घसरणाऱ्या गाडीचं चित्र आहे ना, ते. दाबून धरा. एरवी हात लावायचा नाही त्याला, पण खोल बर्फात चाक जरा फिरलं की गाडी आपल्या अकलेने इंजिनाची ताकद तोडते, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबत बसता बावळटासारखे. तुम्हाला बावळट म्हटलं नाही मी. म्हणजे, म्हटलं असेल. आवाज ऐकू येतोय खालून? घासल्यासारखा? ते गाडीचं पोट. याहून खोल बर्फात शिरलात तर पोट टेकेल, चाकं लोंबकळतील, मग चार काय आणि चाळीस काय. तसे अडकलात तर आधी उतरून मागचं सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, मग हीटर लावायचा. आधी हीटर लावून बसलात तर विषारी वायू आत येतो, वास येत नाही, झोप लागते. मघाशी मागच्या सीटवर मुलीची कार सीट बसवून बघत होतात ना? केया ना तिचं नाव? म्हणून सांगतोय. नाहीतर मला काय पडलंय.

डॅलसहून आलात म्हणालात. तिथे बर्फ पडला की शाळा बंद, ऑफिस बंद, सगळे घरात मॅगी खात. इथे कोणी बंद करत नाही काही. आणि हे टायर ऑल-सीझन आहेत, त्यांच्या नावावर जाऊ नका — थंडीत रबर कडक होतं, चपलेचा जुना तळ होतो ना तसं. विंटर टायर घ्या. नाही, मी घेतले नाहीत. का नाही म्हणजे? शिकवणारा माणूस आणि वापरणारा माणूस एकच असतो असं कोणी सांगितलं तुम्हाला?

वळवा आता. पूर्ण गोल. जास्त स्टिअरिंग फिरवलंत की पुढची चाकं नुसती बर्फ ढकलतात, बघा, गाडी सरळच चालली. सोडा थोडं — हं. आली ना. तसे बरे चालवता. तुमच्या नागपूरकडचे लोक ट्रक चालवल्यासारखी गाडी चालवतात असा माझा अनुभव होता. हसू नका, समोर बघा.

काय म्हणालात? — बंपर नवा का आहे?

बघितलंत म्हणजे. मला वाटलं फक्त कप होल्डर मोजताय. आश्लेषाने — माझी मुलगी, जर्सी सिटीला असते — तिने ख्रिसमसनंतर येऊन फोटो काढले आणि जाहिरात टाकली, सीनियर-ओन्ड, जेंटली यूज्ड. म्हाताऱ्याची गाडी म्हणजे जणू वापरलेलीच नाही. बंपरचं लिहिलं नाही तिने. मी सांगणार होतो. सांगणार होतो म्हणजे, तुम्ही विचारलंत तर. याच गाडीतून येत होतो, मी आणि बायको, अहिल्या, भाजी घेऊन, आमच्याच गल्लीचा उतार, खाली स्टॉप साइन. बर्फ होताच, पण वेग काही नव्हता माझा. ब्रेक दाबला — आणि पायाखाली काहीतरी तुटलं. खडखड खडखड, पेडल उलटं पायाला ढकलायला लागलं, दगड दळल्यासारखा आवाज. आणि गाडी थांबली नाही. गेली सरळ स्टॉप साइन ओलांडून, समोरच्या मॅपलच्या झाडावर. अहिल्याने डॅशबोर्डवर हात टेकवला, मनगट मोडलं. मघाशी डाव्या हाताने चहा दिला तिने, लक्षात आलं नसेल तुमच्या.

मेकॅनिकने दोनदा बघितली. म्हणे काही नाही, ब्रेक उत्तम. दुसऱ्याला दाखवली, तोही तेच म्हणाला. आश्लेषा म्हणाली, “Baba, the car is fine.” बस एवढंच. पुढचं वाक्य बोलली नाही, ते जास्त लागलं. अहिल्या भांडली तिच्याशी — प्लास्टरचा हात उगारून भांडली — म्हणाली, हे चुकायचे नाहीत, गाडीच बिघडली, मी शेजारी होते. तेव्हा असं ठरलं की ही विकायची आणि चांगली बघून दुसरी घ्यायची. दुसरी मी चालवणार. आता कळलं? गाडी बिघडलेली असेल तर मी तुम्हाला ती विकू नये, तान्ही मुलगी आहे तुमची. आणि बिघडलेली नसेल तर मला दुसरी कशाला. — म्हणून सकाळपासून तुम्ही यायच्या आत काहीतरी कारण काढून तुम्हाला नको म्हणावं असं चाललं होतं माझ्या मनात. काढलीही होती दोन-तीन कारणं. आणि तुम्ही आलात ते ‘काका’ म्हणत, बूट दाराबाहेर काढून.

तर आता ब्रेक बघू. नाही, बघायचाच. घाबरताय? चांगलं आहे, घाबरा. ते बटण पुन्हा दाबा, सगळं पूर्ववत होऊ दे. त्या पट्ट्यावर चला, जिथे कोणीतरी गाडी गोल गोल फिरवून, डोनट मारून बर्फ दाबून ठेवलाय, ते घसरडं आहे. वीसपर्यंत न्या. मी सांगितलं की जोरात दाबायचा, सगळं वजन टाकून, आणि दाबूनच ठेवायचा. चाक घसरायला लागलं की गाडी स्वतःच ब्रेक सोडते, धरते, सोडते, सेकंदात कितीतरी वेळा, तुमच्या-माझ्या पायाला ते जमणार नाही. पायाला विचित्र वाटेल. वाटू दे. पाय उचलायचा नाही. स्टिअरिंग सरळ. हं. चला. — अजून. — अजून थोडं —

दाब. दाब, दाब, पूर्ण दाब.

…

थांबली.

बंद नका करू इंजिन. एक मिनिट बसू द्या मला.

आवाज आला ना? खडखड? पेडल उलटं ढकलत होतं? सांगा नीट, नीट सांगा, दगड दळल्यासारखा होता ना — तोच. तोच आवाज आहे हा. मला माझ्या सीटवरून ऐकू आला. तोच. तुम्हाला तुटलंय काही असं वाटलं? वाटलं ना? मग पाय का काढला नाहीत? कोणालाही वाटेल, काढावा. कोणीही काढेल. तुम्ही का नाही काढलात?

मी सांगितलं म्हणून, म्हणता?

मी कधी — हो. आत्ता. आत्ताच सांगितलं.

वर्गात दरवर्षी सांगत होतो. फळ्यावर आकृती काढून. पोरं डुलक्या घ्यायची. आकृती चाकाची, पायाची नव्हे — पाय कधी काढला नाही मी आकृतीत. आमच्या पहिल्या गाडीला हे काही नव्हतं, तिला आपणच पंप करावं लागायचं, दाब, सोड, दाब, सोड. पहिल्या हिवाळ्यात अहिल्या शेजारी बसून मोजायची, एक, दोन, एक, दोन. पायाला तेवढंच माहीत. म्हणजे त्या उतारावर गाडी आपलं काम करत होती, आणि मी — ती धरत होती आणि मी सोडत होतो. नाही, थांबा, पुन्हा एकदा करून बघू, कदाचित त्या दिवशी वेगळं असेल, उतार होता, वजन पुढे — नको. नको. काय उपयोग. केलं तरी पुन्हा थांबेलच ती.

तू काही बोलू नकोस. कोणाचंही झालं असतं, हे म्हणू नकोस. माझे आई-बाबाही असंच, हे तर मुळीच म्हणू नकोस. तुझ्या आई-वडिलांना मी ओळखत नाही. चल घरी. तूच चालव, मी शेजारी बसतो. बसलोच आहे म्हणा.

गल्लीत जरा हळू. हे मॅपल. वसंतात कळेल जगतंय का.

गाडीच्या मालकीच्या कागदावर, टायटलवर, सही करून ठेवली आहे, समोरच्या खणात आहे. पैसे आश्लेषाकडे पाठवा, तिच्याशी बोला, इन्शुरन्सचा फोन इथेच बसून करा आणि गाडी आजच न्या. आजच. उद्या सकाळी ही दारात दिसली तर मी पुन्हा काहीतरी शोधून काढीन, मला मी चांगला माहीत आहे — उताराचा कोन काढीन, हवा तपासीन, दुपारपर्यंत मला पटलेलं असेल.

ती बघा, अहिल्या आलीच दारात. शाल न घेता. आता विचारणार, ब्रेक कसे वाटले हो, धोका नाही ना पोरीला. तुमच्या तोंडाकडे बघून विचारणार, माझ्या नाही. म्हणून उतरू नका तुम्ही. हात केलात तेवढा पुरे. मी सांगतो तिला. — काय सांगणार, ते तुम्हाला कशाला हवं? तुमची गाडी चांगली आहे, तुम्हाला पाहिजे ते कळलं. नको, हात नको द्यायला, इथे बर्फ वितळायला मीठ टाकलंय मी सकाळी. बसा म्हटलं ना. काच वर करा, पोरीची सीट गार होईल. आणि थँक यू काका वगैरे — नको. जा. मागे बघून घ्या आणि जा.