नोर्नाची जागा

मॅरित : हळू चाल जरा. खुबा नवा बसवला असला तरी बाई जुनीच आहे.

सिक्स्टेन : म्हणून तर म्हणत होतो, गाडीत बस. मी फोटो काढून आणतो, घरी निवांत बघ.

मॅरित : घरी बसून खूप बघितले. परवा वाचनालयाच्या प्रदर्शनात भिंतीवरही बघितला, चांगला हातभर मोठा. आज मला जागा बघायची आहे.

सिक्स्टेन : जागा तू दर वसंतात बघत आलीस.

मॅरित : ऑपरेशनच्या आधी. त्यानंतर इथे कोण कोण येऊन गेलं, ते बघायचंय.

सिक्स्टेन : आलीस परत अनेलीवर.

मॅरित : मी नाव घेतलं का? तूच घेतलंस.

सिक्स्टेन : अगं, तळ्याकाठचं घर घेऊन नवीन राहायला आलेली बाई ती. एकटी असते. निसर्गमंडळात आली तेव्हा कॅमेरा उलटा धरत होती. मी चार गोष्टी शिकवल्या. त्यात काय एवढं?

मॅरित : शिकव की. बदकं शिकव, बेडूक शिकव, दलदलीतले करकोचे शिकव. सहलीच्या दिवशी सकाळी उठून दाढी कातरतोस, तीही कातर. पण नोर्ना कशाला दाखवलीस?

सिक्स्टेन : मी दाखवली असं ती म्हणाली?

मॅरित : ती कशाला म्हणेल? बोटभर तर फूल, बर्फ वितळलं की चार दिवस दिसतं आणि गुडूप होतं. लग्न झालं त्या वसंतात तू मला इथे आणलंस आणि शपथ घातलीस, ही जागा कुणाला सांगायची नाही. मी सख्ख्या बहिणीला सांगितली नाही. उल्ला जाईपर्यंत विचारत होती, तुमची नोर्ना फुलते तरी कुठे? मी म्हणायचे, उत्तरेला. सख्ख्या बहिणीला मी उत्तरेला धाडलं, आणि तू गेल्या वसंतात त्या बाईला गाडीत घालून थेट झऱ्यापर्यंत आणलंस.

सिक्स्टेन : पण तुला सांगितलं कुणी?

मॅरित : माझ्या कपाने.

सिक्स्टेन : कपाने?

मॅरित : झऱ्याचं पाणी प्यायला मी त्या आडव्या पडलेल्या झाडाच्या फांदीला निळा कप अडकवून ठेवलाय. तिच्या फोटोत फुलाच्या मागे एक निळा ठिपका आलाय. सगळं गाव त्या ठिपक्यावर भाळलंय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, जणू आभाळाचा तुकडाच खाली आलाय. अनेली लाजून मान हलवत होती. आभाळ कसलं, माझा कप तो, कानापाशी टवका उडालेला. मी तिथेच कॉफी घेऊन उभी होते.

सिक्स्टेन : मग तेव्हाच का बोलली नाहीस?

मॅरित : काय बोलू? बाई, आमचं आभाळ पिऊन झाल्यावर धुऊन ठेवत जा, असं?

सिक्स्टेन : जळतेस तू.

मॅरित : जळते. स्वच्छ सांगते. सत्तरीला टेकलेल्या बाईने जळायचं नाही असं कुठे लिहिलंय? तिचे गुडघे चांगले आहेत, जळते. ती पोटावर पडते आणि आपली आपण उठते, त्यावरही जळते. त्या फोटोखाली नुसतं तिचं एकटीचं नाव, आणि लोक पुन्हा पुन्हा त्याच फोटोपाशी जातात, त्यावर तर फारच. चल पुढे. आणि पायाखाली बघ, तुडवशील एखादं.

(दोघं झऱ्यापाशी पोचतात. मॅरित काठी टेकून वाकते आणि शेवाळाकडे बराच वेळ बघत राहते.)

मॅरित : सिक्स्टेन, हे बोडकं कशाने झालंय?

सिक्स्टेन : कुठलं?

मॅरित : हे शेवाळ. ताटलीएवढी जागा उघडी पडलीय. तिचं फूल इथलंच ना?

सिक्स्टेन : असेल. सशाने उकरलं असेल.

मॅरित : ससा शेवाळ उकरेल एक वेळ. रानबेरीची डहाळी चाकूने कापेल का? हे टोक बघ, कसं तिरकं आणि साफ आहे.

सिक्स्टेन : उन्हात येतेस का जरा? इथे डास फार आहेत.

मॅरित : डासांचं नंतर बघू. तिनेच केलं ना हे? त्या फोटोत फूल कसं एकटं उभं होतं, पुढे पान नाही, बाजूला काडी नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. बरं झालं, आता मंडळाच्या बैठकीत ही डहाळी टेबलावर ठेवते आणि सगळ्यांदेखत विचारते, अनेलीबाई, हे कुठलं निसर्गप्रेम?

सिक्स्टेन : नको.

मॅरित : का नको? फुलाभोवतीची काडीसुद्धा हलवायची नाही, हा नियम मंडळात तूच आणलास. तिला वेगळा नियम आहे का?

सिक्स्टेन : तिने नाही केलं, मॅरित.

मॅरित : मग कुणी?

सिक्स्टेन : चाकू माझा होता.

मॅरित : परत सांग.

सिक्स्टेन : डहाळी मी कापली. शेवाळही मीच बाजूला केलं. ती आडवी पडून धडपडत होती, पान सारखं मध्ये येत होतं. म्हणाली, एवढं जरा बाजूला झालं असतं तर. आणि मी केलं.

मॅरित : यंदा तिथे नुसतं पान आलंय. फूल नाही.

सिक्स्टेन : बघितलं मी. एखाद्या वर्षी नाही येत.

मॅरित : एखाद्या वर्षी. बरं.

सिक्स्टेन : बोल काय बोलायचं ते.

मॅरित : बोलते ना. इतकी वर्षं मी कॅमेरा घेऊन याच मातीत पोटावर पडले. पुढ्यात पान आलं की तू मागून म्हणायचास, हात लावू नकोस, जंगल तुझ्यासाठी मांडून ठेवलेलं नाही. एकदा नुसती वाळकी काटकी उचलली तर हातावर चापट मारलीस. वर उल्लाच्या घरी जेवताना सगळ्यांना सांगितलंस, हिला फूल धुऊन पुसून लागतं. सगळे हसले, मीही हसले. माझ्या एकाही फोटोत फूल धड दिसत नाही. कुठे नाकावर गवत, कुठे गळ्याशी काडी. हळूहळू मला ते आवडायला लागलं. लोकांना मी तोऱ्यात सांगायचे, माझ्या नवऱ्याचं जंगलात फार कडक सोवळं असतं. आणि ती एकदा हळहळली तर तू चाकू काढलास.

सिक्स्टेन : चुकलं माझं.

मॅरित : चुकलं ते कळलं. का चुकलं ते सांग.

सिक्स्टेन : सांगितलं तर आणखी चिडशील.

मॅरित : आणखी चिडायला जागा उरलीय का?

सिक्स्टेन : ती म्हणाली, एवढ्या मोठ्या जंगलात एवढंसं फूल तुला सापडलं कसं? मी सांगत गेलो. माझे वडील, ते हरवलेलं वासरू, ते शोधता शोधता सापडलेला झरा, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. हे सांगून झालंय, असं एकदाही म्हणाली नाही.

मॅरित : मी म्हणते?

सिक्स्टेन : वासरापाशी आलो की म्हणतेस. पिकतं तिथे विकत नाही, मॅरित. मला बरं वाटत होतं. त्या भरात हात चालला. काय केलं ते गाडीत बसल्यावर कळलं, पण तुला सांगायचा धीर झाला नाही.

मॅरित : आणि मला बरोबर न्यायचाही धीर झाला नाही?

सिक्स्टेन : तुझा खुबा नुकता बसवलेला. डॉक्टरच म्हणाले होते.

मॅरित : डॉक्टर म्हणाले, जपून राहा. बायको घरी ठेवा आणि दुसरी घेऊन जा, असं नव्हते म्हणाले.

सिक्स्टेन : तुला इथे उभं राहून नुसतं बघत बसावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं.

मॅरित : विचारायचंस तरी. आले असते किंवा नको म्हटलं असतं, ते माझं मी ठरवलं असतं. तिकडे बघ, त्या पडलेल्या खोडाच्या सावलीत एक उघडलंय.

सिक्स्टेन : हो की. रंग काय सुरेख आलाय.

मॅरित : धर मला. आडवं व्हायचंय.

सिक्स्टेन : वेड लागलंय का? उठणार कशी?

मॅरित : ते तू बघ. ही काठी घे, कॅमेरा माझ्याकडे राहू दे. पाठीला हात लाव. आणखी खाली. हं, सोड आता.

सिक्स्टेन : ओल फार आहे गं.

मॅरित : तिच्या वेळी कोरडं होतं का?

सिक्स्टेन : तिने चटई आणली होती.

मॅरित : आणणारच.

सिक्स्टेन : दुखतंय?

मॅरित : दुखतंय. पण वास येतोय रे. मी विसरूनच गेले होते. नाक मातीला लावल्याशिवाय याचा वास येत नाही.

सिक्स्टेन : नीट दिसतंय का?

मॅरित : मध्ये एक वाळकी काटकी आडवी आलीय.

सिक्स्टेन : कॅमेरा जरा डावीकडे घे.

मॅरित : नाही घेत. काटकी काढ.

सिक्स्टेन : अगं, आत्ताच तू मला त्यावरूनच...

मॅरित : मी काय बोलले ते माझ्या लक्षात आहे. काढ.

सिक्स्टेन : वाळकी असली तरी तिच्याखाली ओल धरून राहते. मुळं अगदी वरवर असतात याची.

मॅरित : हे तिला सांगितलं होतंस?

सिक्स्टेन : नाही.

मॅरित : मग मलाही सांगू नकोस.

सिक्स्टेन : थांब, गुडघा टेकू दे. जरा मान मागे घे. हं, काढली. देठाला धक्का नाही लागला. आता दिसतंय?

मॅरित : आता सगळं दिसतंय.

सिक्स्टेन : मग घे फोटो. ऊन सरकेल.

मॅरित : सरकू दे.

सिक्स्टेन : अजून आवाज नाही आला कॅमेऱ्याचा.

मॅरित : येणार नाही. बंद आहे तो.

सिक्स्टेन : मग मला काटकी कशाला काढायला लावलीस?

मॅरित : तिच्यासाठी काढलीस म्हणून. आता होती तशी परत ठेव, आणि मग मला उठव.