भाड्याचा नंबर

मिळत नाही म्हणजे काय? नंबर काय हवेत विरला? महिन्यापूर्वी ह्याच स्टुलावर बसवून तुम्हीच घेऊन दिला होतात ना — 'सिम नको, कागद नको, ताई, नुसता इंटरनेटवरचा नंबर, भाड्याचा, त्यावर कोड येईल, तो टाकला की खातं उघडलं' — तुमचेच शब्द. आणि आता म्हणता मुदत संपली, नंबर दुसऱ्याला गेला. अहो, खातं माझं आहे ना, मग नंबर दुसऱ्याला कसा जाईल? — हो, आला असेल मेल. मेल कोण वाचतं? खरं सांगू, मला वाटलं नंबरचं काम झालं. आम्ही शिवताना आधी कच्चा टाका घालतो, पक्की शिवण बसली की उसवून टाकतो, तो काय कपड्यात ठेवायचा असतो? मला वाटलं हेही तसंच. खातं उघडलं, आता नंबर असला काय नि नसला काय. मला काय ठाऊक, फोन बदलला की मेले पुन्हा कोड मागतात, आणि तोही त्याच नंबरावर पाठवतात! तीनदा मागवला. तीनदा कुठल्या तरी उपटसुंभाकडे जाऊन पडला असेल.

नवं खातं काढून काय करू? जुनंच हवंय, दादा. त्यात एक निरोप यायचाय. — महत्त्वाचा आहे म्हणून तर दुकान टाकून आले. कुणाचा म्हणजे — आता तुम्हाला काय सांगायचं, कपाळ माझं.

धाकटी बहीण आहे माझी. चौकापलीकडे शिवणाचं दुकान आहे बघा, काचेचा दरवाजा, हिरवी पाटी — तिचंच ते. सात वर्षं माझ्या मशीनवर शिकली, काज कसं करायचं इथपासून, आणि एक दिवस म्हणाली, ताई, मी वेगळं काढते. काढ बाई. पण निम्मी गिऱ्हाइकं तिच्या पाठोपाठ गेली हो! जाणारच म्हणा — आई नेहमी म्हणायची, कष्ट थोरलीचे, हात धाकटीचा. माझ्या तोंडावर म्हणायची. मग मी भांडले, नको नको ते बोलले, आणि तिने माझा नंबर ब्लॉक केला. तीन वर्षं झाली. जळते मी तिच्यावर, त्यात लपवायचं काय? तिने शिवलेल्या कपड्यांचे फोटो येतात ना, ते बोटांनी मोठे करकरून बघते, कुठे शिवण वाकडी गेलीय का. गेलेली नसते — तिथेच तर माझ्या पोटात दुखतं.

तुम्हाला म्हटलं होतं ना, नंबर ऑनलाइन खरेदीला हवाय? खोटं. 'हौशी' नावाने खातं काढलं आणि तिच्या दुकानाच्या पानावर लिहिलं — अस्तर दोन धुण्यांत उसवलं, पैसे पाण्यात. असे बघू नका. म्हटलं ना, जळते. आणि ही बया काय करते? भांडायचं सोडून लिहिते, 'ताई, घेऊन या, फुकट नीट करून देते, मला चुटपुट लागलीय.' मी लिहिलं, जाऊ दे गं. ती म्हणे, जाऊ कसं देऊ? मी म्हटलं, अगं खरंच जाऊ दे — असं करता करता रोजचं बोलणं सुरू झालं. जेवलीस का, गुडघा काय म्हणतो, आज कुठलं गिऱ्हाईक डोकं खाऊन गेलं. भारी कापडाला कात्री लावताना अजून हात थरथरतो, हे सात वर्षांत मला कधी सांगितलं नाही तिने, शेजारी बसत होते मी — आणि त्या हौशीला आठव्या दिवशी सांगून मोकळी! हौशी मीच, ठाऊक आहे मला, हसा तुम्ही. पण हौशीवरसुद्धा जळायला लागले मी. एकदा लिहिलं तिने, 'मोठी बहीण असावी तर तुमच्यासारखी.' त्या दिवशी भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं. वाटलं, त्या सटवीचं खातंच पुसून टाकावं.

पुसलं नाही. आणि परवा तिने लिहिलं, गुरुवारी ऑपरेशन आहे, पिशवी काढायचीय. नवरा लांब नोकरीला, त्याला रजा नाही. कुणाला बोलली नाहीये, फक्त हौशीला. मी लिहिलं, दवाखाना कुठला सांग, मी येऊन बसते. — तोंड दिसलं असतं, हो, पण लिहिताना ते कुठे सुचतं? बसले असते बाहेरच्या बाकावर, तिला भूल दिल्यावर. उत्तर यायच्या आत फोन बंद पडला, नवा घेतला, आणि आता हा कोड. आज मंगळवार आहे, दादा.

जाऊन काय विचारू? तुला कसं कळलं, म्हणेल. मग सगळंच सांगावं लागेल, अस्तरापासून. — तुमच्या फोनवरून? नंबर आहे तिचा, पाटीवर लिहिलेलाच आहे, पण आवाज ओळखेल ना ती. नको. नको म्हणते ना मी — अहो, लावलात सुद्धा?

हॅलो. — हो, मी... हौशी बोलतेय. — घसा बसलाय गं, म्हणून तसा लागतोय. — फोन बिघडला होता, तुझं काही वाचताच आलं नाही. — हं. पोस्टाच्या मागचा दवाखाना, हो, माहितीये. सकाळी आठ. येते, नक्की येते. — घाबरायचं नाही अजिबात. — काय? — छे, तसं काही होत नसतं, वेडी का काय! — बरं. बरं, सांग. दादा, पेन द्या. — सांग, लिहितेय. — हं. — हं. — हो, पुढचे दोन सात. — नाही, अंदाजाने म्हटलं गं. — लिहिला. — नाही, आधी नाही कळवत. — ठेव.

काय बघताय? माझाच नंबर आहे. ब्लॉक केलाय म्हणून काय झालं, न अडखळता सांगितला तिने. काही कमीजास्त झालं तर हिलाच बोलवा म्हणाली, बहीण आहे माझी, हातातलं टाकून येईल. — नाही, खातं नको आता. हे घ्या पेन. सरका जरा, जाऊ द्या मला.