क्लब सुरतेला, नारळ देव्हाऱ्यात

नाही, पण ही काय बातमी द्यायची पद्धत झाली, तुम्हीच सांगा. मंगळवार होता, साधा मंगळवार, शाळेला सुट्टी म्हणून मी वाडीत बसून चिकू धूत होतो, दोन्ही हातांना चीक लागलेला, आणि खिशात फोन टुणटुण टुणटुण वाजतोय, काढता येत नाही... तेवढ्यात आमच्याकडे चिकू उतरवायला येणारी भिकी झाडाखालूनच म्हणते, "सर, ते बॉलवाले चालले म्हणे." म्हटलं, कुठे? तर म्हणे, "सुरतेला." झालं. तिच्या पाड्यावर कळलं, नाक्यावर कळलं, आणि ज्यांची भिंत त्या स्टेडियमला लागून आहे त्यांना चिकू धुताना कळतंय.

भिंत म्हणजे खरोखर भिंत बरं का. चिखल्याच्या रस्त्याला आमची वाडी, आणि पलीकडच्या पडीक जागेत सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका फुटबॉल क्लबानं येऊन हे स्टेडियम बांधलं, कारण मुंबईत त्यांना जागा नव्हती. पगारी खेळाडू, पिवळे शर्ट, छापील तिकिटं, सगळं रीतसर. आणि पहिल्याच आठवड्यात सरावाचा चेंडू भिंतीवरून येऊन थेट आमच्या कैरीच्या लोणच्यात. उन्हात ठेवलेली बरणी, तिचे तीन तुकडे. निर्मला, म्हणजे माझी बायको, चेंडू काखेत मारून त्यांना झापायला गेली ती दोन तासांनी परत आली. मी विचारलं, झापलंस का? तर म्हणते, "अहो, त्यांचा डावा बॅक फारच मागे राहतो." तेव्हापासून ती एकही मॅच चुकली नाही. गोलच्या मागे तिसरी पायरी, तिची खुर्ची उजवीकडे, माझी डावीकडे. ती ओरडायची, मी पिशवी धरायचो.

मी काही ओरडणारा माणूस नाही, तुम्हाला सांगतो. सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय, आधी तलासरीला, आता वाणगावला. रागावलो की माझा आवाज चढत नाही, उतरतो. मागच्या बाकावरून पोरं म्हणतात, "सर, रागावताय ते ऐकू येत नाही."

तर हात धुतले आणि तसाच क्लबाच्या ऑफिसात गेलो. तिथे मॅनेजर पीयूष. गोड मुलगा, पण वाक्य सरळ बोलेल तर शपथ. म्हणतो, "सर, बेसिकली क्लब कुठेही जात नाहीये. क्लब फक्त शिफ्ट होतोय." म्हटलं, मग इथे काय राहणार? "इथे सर, आठवणी राहणार." त्याच्या मागे भिंतीवरून फोटो उतरवत होते. वर्गात असता तर जाणं आणि शिफ्ट होणं यातला फरक फळ्यावर मांडायला लावला असता त्याला. पण नुसता उठलो. मी ओरडणारा माणूस नाही.

घरी आलो, दिवा लावायला देव्हाऱ्यापाशी गेलो आणि नारळ दिसला. म्हणजे रोज दिसायचा. कोपऱ्यात, क्लबाच्या पिवळ्या रुमालात बांधलेला. निर्मलानं ठेवला होता. ती मागच्या वर्षी पौषात गेली, तीन दिवसांचं दुखणं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिची प्रत्येक वस्तू मी होती तिथेच ठेवलीय, तसा नारळही. पण सुरतेची बातमी आली त्याच आठवड्यात तिची मोठी बहीण हिरकणी आली, तिनं नारळ बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भावोजी, बांधून ठेवलेला नारळ म्हणजे नवस. फेडलात का?" म्हटलं, मला माहीतच नाही. "पिवळा रुमाल म्हणजे त्या टीमसाठीच बोललेला. टीम खालच्या गटात गेली नाही ना? मग फेडायला हवा. आणि जिथला तिथे. ते मैदान आता बंद होणार... काय तुम्ही."

आता बघा पंचाईत. ती गेली पौषात, संघ वाचला त्यानंतरच्या चैत्रात. म्हणजे निकाल तिला कळला नाही आणि नवस मला कळला नाही. आणि नवस तिचे म्हणजे पाय माझे, हे आमच्याकडे ठरलेलं. आमची मयुरा बारावी पास होऊ दे म्हणून महालक्ष्मीला बोलली, आणि डोंगर अनवाणी चढला कोण? मी. मयुरा पहिल्या वर्गात पास झाली, माझा गुडघा अजून व्हायचाय.

मग काय, विचारत सुटलो. हिरकणी म्हणाली, "मला वाटतं देवीला नथ बोलली असेल. माझ्यासारखीच, मोत्यांची." स्टेडियमच्या दाराशी चहा विकणारा धोंडू म्हणाला, "सर, मला पक्कं आठवतंय. काकू म्हणाल्या होत्या, संघ वाचला की सगळ्या स्टँडला भजी. धोंडूकडूनच." ज्याच्या तोंडून ऐकावं त्याच्याच अंगणात नवस पडत होता. शेवटी भिकी म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना विचारता. त्या गोलवाल्याला विचारा की. बाई जाळीतून त्याच्याशीच बोलायच्या."

गोलवाला म्हणजे रूपेश, गोलकीपर, झरीचा. तलासरीला माझ्याच वर्गात होता. गणितात शून्य, पण खडू फेकला तर डाव्या हातानं झेलायचा. सरावानंतर त्याला गाठला. हातमोजे काढ-घाल करत म्हणतो, "सर, रागावू नका." म्हटलं, रागावलो तरी तुला कधी ऐकू आलंय? तेव्हा म्हणाला, "काकू जाळीला हात लावून बोलल्या होत्या. संघ खाली घसरला नाही, तर आमचे सर याच मैदानात, याच खुर्चीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा ओरडतील."

"मी?"

"हो सर."

"काय ओरडायचं?"

"तेच मी विचारलं. त्या म्हणाल्या, काहीही ओरडू दे रे मेल्या. एवढी वर्षं घरात ऐकलेलं नाही."

आता सांगा, हा काय नवस झाला? लोक देवाला कोंबडा बोलतात, साडी बोलतात, ही नवऱ्याचा आवाज बोलून बसली. आणि मॅच राहिली एकच, मार्चातला शेवटचा रविवार.

मी सराव सुरू केला. वाडीत, पंपाच्या खोलीत जाऊन. आधी शब्द ठरेनात. ती ओरडायची "अरे मार ना", पण शिक्षकानं चारचौघांत मार म्हणणं बरं दिसत नाही. "चेंडू पुढे घ्यावा" असं म्हणून पाहिलं, तर ती सूचना वाटते, ओरडणं वाटत नाही. मग नुसतं "ए" ठरवलं. छाती भरून घेतली, डोळे मिटले, म्हटलं. बाहेरून भिकी म्हणते, "सर, शिंकलात का?" नाही... हसा तुम्ही. ती गेली त्या दिवशी सगळे म्हणत होते, सर किती खंबीर, डोळ्यांत टिपूस नाही, आवाज नाही. खंबीर कसला. मला तो काढताच येत नव्हता. कुणाला सांगणार, सगळे कौतुक करत होते.

रविवार उजाडला. मी पिशवी घेतली, सवयीनं पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, जाऊन बसलो. उजवीकडची खुर्ची रिकामी. स्टेडियम भरलेलं, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, धोंडूनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एकोणनव्वद मिनिटं काही नाही. मध्ये एकदा समोरच्या संघाच्या खेळाडूनं चेंडू भिंतीवरून आमच्या वाडीत मारला, तेवढंच. आणि नव्वदाव्या मिनिटाला आमचा गोल. अख्खा स्टँड उठला, धोंडू किटली घेऊन नाचतोय, समोर रूपेश वळून फक्त माझ्याकडे बघतोय. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आणि मनात आलं, एवढ्या गोंगाटात ओरडलो तर ते सगळ्यांना ऐकू जाणार कसं? नवस तर ऐकू जाईल असा आहे. जरा शांत होऊ दे, मग ओरडू. मग शांत झालं. आणि शांततेत माणूस ओरडणार कसा? सगळे बघतील ना. मी खाली बसलो. शिट्टी झाली. जिंकले. रूपेशनं मान खाली घातली.

तुम्ही म्हणाल संपलं. नाही, देवीनं आणखी एक संधी दिली, तुम्हाला सांगतो. लोक पांगले, मी वाडीत आलो, तर भिकी चेंडू घेऊन उभी. "सर, यांचा राहिला." मी चेंडू घेतला आणि वाडीच्या आडवाटेनं, गुडघा विसरून, स्टेडियमच्या दारात. क्लबाची बस सुटत होती. वीस पावलांवर. खिडक्या उघड्या. दार अजून दाराच्या जागी, मैदान अजून मैदान, हातात कारण. कुणीही ओरडलं असतं. दूधवाला ओरडला असता. मागून भिकी म्हणते, "सर, वरडा ना."

मी म्हणालो, "थांबा."

म्हणालो. नेहमीसारखा.

बस गेली. मी ओरडणारा माणूस नाही.

आता दाराला कुलूप आहे. गोलचे खांब काढून नेले, खुर्च्या भिजत पडतील. भिंतीवरून काही येत नाही. लोणच्याची बरणी मी मुद्दाम त्याच जागी उन्हात ठेवतो, संध्याकाळी अख्खीच्या अख्खी आत आणतो. चेंडू देव्हाऱ्याखाली ठेवलाय. नारळ हलवला की आत खडखडतो, सुकलाय तो.

परवा सुरतेहून रूपेशचा फोन आला. आधी तब्येत, मग जेवण, मग म्हणतो, "सर, काकूंचा नवस... तुम्ही नंतर कधी जाऊन फेडलात ना?"

म्हटलं, हो.

"काय म्हणालात सर? ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोला."

मी फोन ठेवला. ओरडायचं राहिलंय.