अर्धी वाटी दही

नाही हो मावशी, डोकं नाही, मान उघडणार आहेत — डावी बाजू. मेंदूला रक्त नेणारी नस आतून चोंदलीय म्हणे. माझे वडील ते, दादा. बारा दिवस झाले, नागावला वाडीत नारळ सोलत होते, तर हातातली कोयतीच गळली, नि तोंडातून शब्द फुटेना. आता बोलतात, हातही उचलतात — पण नस साफ केली नाही तर पुन्हा झटका येईल, नि तो मोठा असेल, म्हणाले डॉक्टर. म्हणून ही घाई.

आणि भुलीच्या मॅडमनी मलाच विचारलं हो! म्हणजे आधी दादांना विचारलं — ते म्हणाले, पोरीला विचारा. दोन तऱ्हा आहेत म्हणे. एक, पूर्ण झोपवायचं. दुसरी, नुसती मान बधिर करायची — माणूस जागा, बोलतोय. नस जरा वेळ चिमट्यात धरतात ना, तेव्हा मेंदूला रक्त पुरतंय की नाही ते त्याच्या बोलण्यावरनं नि हातावरनं कळतं. उजव्या हातात रबरी बदक देतात, दाबा म्हटलं की दाबायचं — चूं वाजलं म्हणजे ठीक. हसू नका, खरंच! आमची कल्पिता कालपासनं तेच बदक मागतेय — ए, मावशींचा पदर सोड गं. झोपवलं तर ते सगळं यंत्रावर बघतात. दोन्हीत फार फरक नाही, म्हणाल्या मॅडम. मी म्हटलं, जागंच ठेवा.

का म्हणजे? बोलते राहतील ना — नाही, खरं सांगू? माझ्या आईला पिशवीच्या ऑपरेशनला झोपवलं होतं, ती उठलीच नाही. सातवीत होते मी. तिथंच शाळा सुटली. म्हणून म्हटलं. पण दादा म्हणजे — दाताचे डॉक्टर सुई द्यायला गेले तर हे खुर्चीवरनं उठून पळाले, चपला तिथंच! मॅडमनी विचारलं, वडील शांत पडून राहतील ना? मी म्हटलं, हो, अगदी. माझ्या भीतीपायी म्हटलं. मधेच घाबरले, हलायला लागले, तर झोपवावंच लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या.

सकाळपासनं? उपाशीच की. सिस्टरनी बजावलेलं. म्हणजे — हातावर दहीसाखर तेवढी घातली. एवढ्या मोठ्या कामाला निघताना घालतोच ना आपण? माझ्या परीक्षेला दादा स्वतः घालायचे. मग त्यांना तसंच पाठवू? घरचं दही होतं डब्यात. चमचाभरच दिलं — बरं, धड जेवले नव्हते हो दोन दिवस, अजून दे म्हणाले, लहान पोरासारखं तोंड केलं — अर्धी वाटी. सिस्टरनी विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली, काही नाही म्हणून. जागेच तर राहणार, मग पोटाचा काय संबंध? ऑपरेशन मानेचं —

असं काय बघताय? तुमच्या दिरांचं? भुलीच्या झोपेत पोटातलं वर आलं? नि छातीत — नाही, पण दादांना झोपवणारच नाहीत ना! घाबरले तरच —

ते घाबरणारच.

आत नेऊन किती झालं? पाच मिनिटं? कल्पिताला धरा. धरा म्हणते ना! — सिस्टर! अहो सिस्टर, दार उघडा, दादांनी खाल्लंय — मी दिलंय, मी दिलंय!