अकरा नावांची वही

सन्माननीय अध्यक्षा शोभाताई, मंचावर बसलेले मिशन शाळेचे मुख्याध्यापक विश्वनाथराव, ज्यांच्या निरोपासाठी आज हा हॉल भरला आहे त्या आमच्या जयवंताबाई शिंगाडे, आणि धरमपेठेच्या महिला मंडळातल्या माझ्या मैत्रिणींनो, शेजाऱ्यांनो, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषण करायची सवय नाही. जयवंताबाईंनी एकतीस वर्षं मुली शिकवल्या, हे विश्वनाथरावांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. शाळेबाहेर त्यांनी जे एक काम केलं, ते मात्र मलाच ठाऊक आहे, कारण त्याची वही माझ्याकडे होती.

मिशनच्या चर्चमध्ये आत शिरल्यावर उजव्या भिंतीला एक दगड आहे. त्यावर अकरा नावं आहेत. पहिल्या महायुद्धात मिशनच्या इस्पितळातले जे लोक फौजेबरोबर गेले आणि परतले नाहीत, त्यांची. कोणी स्ट्रेचर वाहणारा, कोणी खेचरं हाकणारा, कोणी स्वयंपाकी. दरवर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती नावं मोठ्याने वाचतात. शाळेतल्या एका मुलीनं जयवंताबाईंना विचारलं, "बाई, हे कोण होते?" बाईंना सांगता आलं नाही. तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. न आलेलं उत्तर तसंच सोडून देणाऱ्या बाई असत्या, तर आज मी इथे उभी नसते.

त्या माझ्याकडे आल्या. का? तर माझं अक्षर चांगलं आणि मी रोजचं रोज लिहून ठेवते म्हणून. नवी वही घ्यायला निघाल्या होत्या, मी घेऊ दिली नाही. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवली. एका नावाला दोन पानं. माझा पूजापाठ आटोपला की आम्ही निघायचो.

आणीबाणीचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. दोन अनोळखी बायका, हातात वही, आणि घरात माणसं किती विचारतायत! नंदनवनात एका घरी आतून आवाज आला, "लाव वं दार, नसबंदीवाल्या आल्या!" जयवंताबाई बाहेरून ओरडल्या, "अहो, आम्ही जिवंतांची यादी करत नाही, मेलेल्यांची करतो!" त्यावर शेजारची दोन दारंही बंद झाली.

तरी नऊ नावांचा माग लागला. कोणाचा नातू सापडला, कोणाचा फोटो. आज मला सांगायचं आहे ते सातव्या नावाबद्दल. रुपराव, राहणार बेसा.

चर्चच्या जुन्या रजिस्टरात तेव्हाच्या पाद्रीसाहेबांनी लिहून ठेवलं होतं. जयवंताबाईंनी इंग्रजीवरून सांगितलं, मी मराठीत उतरवून घेतलं. तेच वाचते. "रुपराव, इस्पितळाच्या बागेतला माळी. स्ट्रेचरवर नेमणूक. बसरा येथे तापाने मृत्यू, १९१७. घरी कळवण्यास माणूस पाठवला. वडिलांनी त्याला शिवेवरूनच परत लावले." मिशनमध्ये राहतो, तिथलं खातो, म्हणजे मुलानं धर्म बदलला, असं वडिलांच्या मनानं घेतलं होतं. बदललेला नव्हता, तेही रजिस्टरात आहे. पण ज्या माणसाचं नाव घरात घ्यायचं नाही, त्याची बातमी तरी का ऐकायची?

शहात्तरच्या वैशाखात आम्ही बेशाला गेलो. बसमधून उतरून दोन मैल पायी. घर सापडलं. ओट्यावर एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. पंचफुलाबाई, रुपरावांच्या पत्नी. कपाळावर एवढं मोठं कुंकू.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. घरातले पुरुष शेतावर होते. जयवंताबाई बाजूला होऊन हळूच म्हणाल्या, "असं दारात उभं राहून नाही सांगायचं, गोपिकाबाई. घरची माणसं जवळ हवीत." म्हणून आम्ही इस्पितळातल्या जुन्या लोकांची चौकशी करतो आहोत एवढंच सांगितलं. निघताना पंचफुलाबाईंनी हळदकुंकवाचा करंडा आणला. मला लावलं. मग उलट मी त्यांना लावायचं. मी लावलं. 

दिवाळीच्या सुमारास जयवंताबाईंनी मला कार्डाचा मजकूर सांगितला. बेशाचे महादेवराव, म्हणजे पंचफुलाबाईंचे पुतणे, यांच्या नावाने. "नोव्हेंबरात चर्चमध्ये तुमच्या काकांचं नाव वाचलं जातं. काकूंना घेऊन यावे." मी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. पत्ता घातला. पेटीत टाकायचं काम माझ्याकडे होतं.

ते कार्ड मी टाकलं नाही.

मला वाटलं, पंचाहत्तर वर्षांच्या बाईचं कुंकू आपल्या हातून पुसलं जाऊ नये. देवाला हे आवडणार नाही. मी रोज देवापुढे बसते, म्हणून देवाला काय आवडतं ते मला कळतं असं मी धरून चालले होते. कार्ड वहीत ठेवलं. त्या नोव्हेंबरात बेशाहून कोणी आलं नाही. जयवंताबाईंनी पोस्टखात्याला वर्षभर नावं ठेवली आणि मी ती मान हलवत ऐकून घेतली.

गेल्या वर्षी त्यांनी दुसरं कार्ड स्वतः लिहून स्वतः टाकलं. ते तिसऱ्या दिवशी पोचलं.

महादेवराव काकूंना घेऊन आले. वाचन झालं, लोक पांगले. पंचफुलाबाई दगडाजवळ गेल्या. बोट ठेवून विचारलं, "हे काय लिवलं हाये वं बाई?"

जयवंताबाई म्हणाल्या, "रुपराव, बेसा."

"अन् वरतं ते मोठं?"

"लढाईवर गेले आणि तिथेच वारले, त्यांची नावं, असं लिहिलंय आजी."

"म्हणजे मेला."

"हो. तापानं. साठ वर्षं झाली."

"दुसरी बायको नाही केली?"

"नाही आजी. गेल्यावर सहा महिन्यांतच वारले. रजिस्टरात आहे."

मी त्यांना धरायला पुढे झाले. त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, "मले गाव टाकलेली म्हणते. साठ सालं झाले. नवरा पळून गेला, तिकडे घर केलं, हिच्यातच काही खोट असंन. नव्या सुनाही मले पाहून हासे." मग जयवंताबाईंना, "काहून नाही सांगितलं वं आधी?"

"मागच्या वर्षी कार्ड टाकलं होतं आजी. पोचलं नाही. काय करता, पोस्टाचा कारभार."

पंचफुलाबाई महादेवरावांकडे वळल्या. "तुही माय फागुनात मेली. मरेवरी मले टाकली टाकली म्हने. तिले आयकवाचं होतं रे मले."

 मनकर्णाबाई, महादेवरावांच्या आई, म्हणजे पंचफुलाबाईंची जाऊ, आदल्या फाल्गुनात वारल्या होत्या. मी कार्ड ठेवून घेतलं त्याला तेव्हा चार महिने झाले होते.

नंतर जयवंताबाई बेशाला गेल्या आणि मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी मी उतरवून दिलेली वहीतली ती दोन पानं वाचून दाखवली. सगळं गाव होतं. जिला ऐकवायचं ती सोडून.

जयवंताबाई, कार्ड हे इथे आहे. पोस्टखात्याचा काही दोष नाही. पंचफुलाबाईंच्या सासऱ्यांनी एकदा बातमी शिवेवरून परत लावली, दुसऱ्यांदा ती मी माझ्या घरात अडवली. आज तुम्ही पुण्याला भावाकडे राहायला जाता आहात. हे न सांगता तुम्हाला वही परत करणं मला जमलं नसतं.

आता आभार. शोभाताईंनी वेळ दिला, विश्वनाथरावांनी शाळेचा हॉल दिला, कांताबाईंनी सगळ्यांचा चहा एकटीनं केला, त्यांचे मनापासून आभार. राहिली शाल आणि नारळ. आमच्या मंडळाची रीत अशी की हा मान सवाष्णीच्या हातून व्हावा. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापलेलं आहे. ते काम मी करणार नाही. पंचफुलाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या कपाळावर कुंकवाच्या जागी एक फिकट गोल आहे. साठ वर्षं तिथे ऊन लागलं नव्हतं. शाल त्या देतील. अध्यक्षांना मी हे आधी विचारलेलं नाही. कोणाला गैर वाटलं तर बोल मला लावावा, मंडळाला नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते तुम्ही सर्वांनी पोटात घालावं. त्या कार्डाची क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही. ती ज्या दोघींकडे मागायची, त्या आता समोरासमोर उभ्या राहतील.

पंचफुलाबाई, या. पायरी उंच आहे, मी हात देते.