शेवटचं पान कोरडं

मंडळी, ऐका! आता जरा सैल बसा, मांडी बदला. ते मागचे काका खांबाला टेकलेत – टेका, टेका! पण घोरू नका बरं का, मृदंगबुवांचा ताल चुकतो!

एक विचारतो. जो तो म्हणतो, गाव वाढवलं पाहिजे. वाढवायचं म्हणजे काय करायचं हो? आपल्या भाषेत नारळसुद्धा ‘वाढवतात’! दगडावर आपटतात, दोन शकलं होतात, आणि वर म्हणायचं – वाढवला! बाईची बांगडी फुटली, तीही ‘वाढली’! मग गाव वाढवताना यातलं कुठलं वाढवणं चाललंय, हे कुणी बघायचं?

सह्याद्रीच्या पायथ्याला एक गाव, सातविणी. वरची आळी आणि खालची वाडी. डोंगरात एक झरा, बारमाही. पाणी आधी वरच्या आळीला, तिथून पाटानं खालच्या वाडीला. गावाला सुबुद्धी झाली! पोरं शहराकडे पळत होती, त्यांनी गावातच धंदा काढला. शहरातले पाहुणे शनिवार-रविवार यायचे, सारवलेल्या अंगणात झोपायचे, चुलीवरची भाकरी खायचे आणि डास चावले तरी ‘वा वा’ म्हणायचे! भाकरी वरच्या आळीची, भाजी खालच्या वाडीची. सगळ्यांच्या चुली पेटत होत्या.

या धंद्याचा पुढारी सुभानराव. पुढारी नंतरचा हो, आधी पंचक्रोशीतला नामांकित वाढपी! लग्न असो, भंडारा असो, बादली सुभानरावाच्याच हातात. आधी पंगत शेवटपर्यंत नजरेखालून घालणार, मग बादलीत बघणार, आणि मगच पहिल्या पानावर डाव रिकामा करणार. त्याच्या हातानं शेवटचं पान कधी कोरडं राहिलं नाही.

आणि खालच्या वाडीत त्याची सख्खी थोरली बहीण, गोदूअक्का. तिथंच दिलेली. नवरा गेलेला. थोडी वांगी, थोडा घेवडा, पाहुण्यांच्या ताटात तिचीच भाजी – त्यावर तिचं चाललेलं.

एकदा एक पाहुणे म्हणाले, “सुभानराव, सगळं झकास! फक्त पोहायला तलाव पाहिजे बुवा.” अहो, खाली ओढा आहे की! पण नाही – पाहुण्याला निळी फरशी लागते! झालं. वरच्या आळीत तलाव बांधला, झऱ्याला पाइप जोडला, नारळ वाढवला. टाळ्या! पाहुणे दुप्पट झाले.

आणि फाल्गुनात खालच्या वाडीचा पाट आटला.

अक्का वर आली. “सुभाना, पाट सुकला रं. वांग्यांनी माना टाकल्या.”

“अक्का, जरा दम धर. धंदा वाढतोय. वाढला की तुलाबी मिळंल.”

मंडळी, तहानलेल्याला ‘दम धर’ सांगायला काय जातं? सांगणाऱ्याचा घसा ओलाच असतो!

चैत्र लागला. वांगी गेली, घेवडा गेला. अक्काचा लेक शहरातून सारखा सांगायचा, “आई, घराला कुलूप घाल आणि ये.” माउलीनं शेवटी गाठोडं बांधलं. ज्या उंबऱ्यावर माप ओलांडलं, तो सोडायचा! रडली बिचारी, पोटभर रडली. मग म्हणाली, “हनुमान जयंतीचा भंडारा होऊ दे, मग निघते.”

भंडाऱ्याला लापशी होती. पंगत बसली. पाहुणे पुढं, वरची आळी मधे, खालची वाडी शेवटाला. अक्का भावाला म्हणाली, “सुभाना, आज बादली मला दे. जायच्या आधी एकदा माझ्या हातानं गावाला वाढते.”

जाणाऱ्या बहिणीला नाही कसं म्हणणार? दिली.

अक्का निघाली! पहिल्या पानावर डावावर डाव, ढीग घातला. “अहो आजी, बास!” “घ्या हो, पाहुणं तुम्ही!” दुसऱ्या पानावर तसाच ढीग. बादली रिती, पुन्हा भरली, पुन्हा रिती. निम्मी पंगत होते न होते, तोच कढईत खडखडाट! आणि खालच्या वाडीची लेकरं आपल्या कोरड्या पानाकडं बघत बसलेली.

सुभानरावाचं डोकंच फिरलं. भर पंगतीत ओरडला, “अक्का! ही काय वाढायची रीत झाली? म्होरं ढीग आणि मागं कोरडं! वाढणाऱ्यानं आधी शेवटचं पान बघायचं असतं, एवढंबी कळत न्हाई?”

अक्कानं बादली हळूच खाली ठेवली. “कळतं की रं. मग झऱ्याचं पाणी वाढताना तू कुठं बघत हुतास?”

सुभानरावाची मान खाली गेली. भावाला लाज वाटली हो, सगळ्या गावासमोर वाटली. त्यानं बादली उचलली आणि पहिल्या पानापाशी जाऊन बसला. म्हणाला, “पाहुणं, यातलं निम्मं परत द्या.”

एक म्हातारा पुटपुटला, “पानावरचं कुणी परत घेतं व्हय?”

“श्लोक व्हायचाय अजून, आबा. कुणी घास घेतला न्हाई. उष्टं झालं न्हाई, तवर घेता येतं!”

पाहुण्यांनी स्वतःच्या हातानं दिलं. शेवटच्या पानापर्यंत लापशी गेली. थोडी थोडी, पण गेली. दुसऱ्या दिवशी झऱ्याचा पाइप काढला. आधी वाडीचा पाट, उरलं तर तलाव! उन्हाळाभर तलाव कोरडा पडला. काही पाहुणे रुसले, धंदा जरा बसला – खोटं कशाला सांगू? पण अक्काचं गाठोडं सुटलं. पावसाळ्यानंतर तिचीच वांगी पुन्हा पाहुण्यांच्या ताटात!

आता तुमचं बघू. तुमच्याही गावात विहीर आहे, कुरण आहे, ओढ्याची वाळू आहे. पुढच्या पानावर तुम्ही-आम्ही बसलोय, आणि ढीग चाललाय! मागची पानं कुणाची? तुमच्या नातवंडांच्या लेकरांची. अक्काला बोलायला तोंड होतं. ही लेकरं अजून जन्मलीच नाहीत, ती कुठून ओरडणार? त्यांच्या वतीनं बघायचं कुणी?

चला, हरीचं नाव घ्या आणि प्रसादाला बसा. घास उचलायच्या आधी एकदा मान वळवून पंगतीचा शेवट बघा. तिथं कोरडं दिसलं, तर लाजू नका – अजून आपलं पान उष्टं झालेलं नाही!