प्रयागबाईचे बिब्बे

अनसिंगच्या ठेसनावर तुळसा पदरात तोंड लपवून बसली होती. पोरगी पाहायले येणारे पाहुणे चार दिवसांवर आले आणि तोंडभर पुटकुळ्या! उष्ण म्हणून गूळ तर कधीचाच बंद झाला होता. आता घरी गेल्यावर एकेका पुटकुळीले बिब्ब्याचा चटका. बिब्बे मावशीच्या, प्रयागबाईच्या, पदरात बांधलेले होते. शेजारच्या बाकावर नागपूरले डाक्तरी शिकणारी दोन पोरं बसली होती.

"जगदेव, गालावर हा डाग कायचा रे?"

"बिब्ब्याचा. पुटकुळ्यांवर लावला होता."

"डाक्तरी शिकून?"

"आपल्याच वर्गातले म्हणत, रक्तात उष्णता हाय, जाळून टाक. पुटकुळ्या गेल्या, डाग काई जाऊन नाही राह्यला."

"मास्तर काय म्हणे?"

"वयाचं असते म्हणे. तोंड धू, नख लावू नको."

"मी तं गूळ सोडला, गड्या."

"खाय ना! गूळ सोडा म्हणतात, त्याच्यावरच मास्तर हासले."

प्रयागबाईनं पदराची गाठ सोडली. बिब्बे रुळापलीकडे भिरकावले आन् फडक्यातली दशमी पोरांपुढं धरली.

"घ्या लेकरांनो. गुळाची हाय."

"आमाले काहून, मावशी? आमी काय केलं?"

"बोलले ना, बाप्पा! तुमच्या मायचं भलं होवो. तुळसे, तूबी घे."

खायसाठी तुळसानं तोंडावरचा पदर खाली केला.